बिननावाच्या ओळीतले तारे

चूक झाली फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी, आणि ती करताना सगळे खिदळत होते.

शाळा सुटल्यावरचं शब्दमंडळ त्या दिवसापुरतं संपलं होतं. कुस्तीवाले, कोमूज वाजवणारे, शिवणकामाच्या पोरी, सगळी मंडळं केव्हाच पांगली होती. पण बाहेर वारा असा सुटलेला की पापण्या एकमेकींना चिकटाव्यात, त्यामुळं शब्दमंडळाची मूठभर पोरं वर्गातच शेगडीला चिकटून बसलेली. भूक लागलेली. आणि शाळेचं स्वयंपाकघर मोकळं, कारण स्वयंपाकीण उरुमकान एजे, म्हणजे उरुमकानताई, भाचीच्या लग्नाला गेलेली.

"मेल्स आगाय बक्षीस बक्षीस करतात आणि देतात काय? लोकरीच्या नमद्याचा तुकडा!" एल्दोस म्हणाला. "नमदा चावून बघितलाय कुणी? चला, आपलं बक्षीस आपणच तळू."

मेल्स आगाय म्हणजे मंडळाचे मास्तर. ते निघून गेले होते. पिठाचा डबा सापडला, तेल सापडलं, आणि बुरुलनं कणीक तिंबली कारण बाकी कुणाला येत नव्हती. कणकेचे तुकडे, बोरसोक, टम्म फुगून वर यायला लागले तसा धूर कोंडला. कुणीतरी खिडकी उघडली. तळणाचा वास बर्फावरून रस्त्यापलीकडं, टेकडीवरच्या मातीच्या कबरींकडं गेला.

गुरुवारी कढईत तेल तापलं की आपल्या मेलेल्यांची नावं घ्यायची, हे त्या खोऱ्यात शेंबड्या पोरालासुद्धा माहीत असतं. वास त्यांच्यासाठीच असतो. नाव घ्यायचं, तळहात तोंडावरून फिरवायचे, मग खायचं. घरी कुणी ही चूक केली नसती. पण ही शाळा होती. शाळेत कोण मेलेलं असतं?

कुणीच नाव घेतलं नाही. हात भाजत, हसत, सगळे बोरसोक संपवले.

*

बुरुल नववीत होती आणि तिला एकच गोष्ट हवी होती. घंटा.

मेल्स आगायांच्या मंडळाचा नियम साधा होता. आगाय अर्थ सांगणार, मुलांनी शब्द सांगायचा. जुने शब्द, जे आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडात उरलेत. कोकरं बांधायच्या फासांच्या दोराला काय म्हणतात, तिसऱ्या वर्षातल्या घोड्याला काय म्हणतात. जो आधी बरोबर सांगेल त्याच्या लाकडी फळ्यावरच्या नावापुढं आगाय नमद्याचा लाल तारा टाचणीनं लावायचे. मे महिन्यात ज्याचे तारे जास्त, तो शाळेच्या शेवटच्या दिवशी सगळ्या गावासमोर पितळी घंटा वाजवत अंगणात फेरी मारणार. बाकीच्या शाळांत पहिलीतली चिमुरडी एखाद्या उंच पोराच्या खांद्यावर बसून घंटा वाजवते. इथं तसं नव्हतं. इथं घंटा शब्दांची होती.

बुरुलच्या आईनं, जिपारनं, ती वाजवली होती. घरात भिंतीवर फोटो होता, दोन वेण्या, पांढऱ्या फितींची फुलं, हातात घंटा. जिपारच्या आयुष्यातला कौतुकाचा फोटो म्हणजे तो एकच. बाकी तिचं आयुष्य मेंढ्या आणि शिलाई मशीन. नवरा नोवोसिबिर्स्कला ट्रक चालवायचा, फोन करायचा, आणि जिपारला कधी फोन ऐकूच यायचा नाही.

"तुझी आई मला टाळते," बाप बुरुलच्या फोनवर तक्रार करायचा. "तिकडं कुणी दुसरा ट्रकवाला बघितलाय का?"

"अहो, वाजलाच नाही!" जिपार मागून ओरडायची. "बायकोवर संशय घेण्याआधी स्वतःची रेंज बघा!"

सगळे हसायचे. बोकडाचंही तेच. कळपाच्या पुढं चालणाऱ्या त्या म्हाताऱ्या बोकडाच्या गळ्यात पत्र्याची घंटी होती, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी, आणि जिपार त्याला शोधत गोठ्यामागं वणवण फिरायची. बोलणं मात्र तिला पलीकडच्या खोलीतलंसुद्धा ऐकू यायचं. बुरुलनं कधी विचार केला नव्हता. आई अशीच आहे, एवढंच.

*

पुढच्या गुरुवारी आगायांनी विचारलं, "शिंगरं बांधायचा लांब दोर, दोन खुंट्यांमध्ये ताणलेला. काय म्हणतात?"

बुरुलला येत होतं. तोंड उघडलंही होतं तिनं.

"जेले," मागून आवाज आला.

मुलीचा आवाज. सर्दी झाल्यासारखा, किंचित बसलेला.

"शाब्बास! कोण बोललं?" आगाय टाचणी शोधत होते, मान खाली.

बुरुलनं मागं वळून पाहिलं. शेवटचं बाक रिकामं. एल्दोसला वाटलं बुरुल बोलली. बुरुलच्या शेजारणीला वाटलं पलीकडची बोलली. जो तो दुसऱ्याकडं बघत होता.

"अरे, लाजताय काय? तारा कुणाचा?"

कुणीच हात वर केला नाही. आगाय फळ्याकडं वळले. नावांच्या खाली एक ओळ रिकामी होती. त्यांनी तारा तिथं लावला.

"बरोबर उत्तराचा तारा फुकट जात नाही," ते म्हणाले. "या मंडळात कधी गेला नाही." आणि हे म्हणताना त्यांचा आवाज जरा चमत्कारिक झाला.

मग दर गुरुवारी तेच. बुरुल घरी बसून शब्द घोकायची, शेजारच्या म्हाताऱ्यांना छळायची, आणि ऐन वेळेला तो बसका आवाज तिच्या अर्धा श्वास आधी यायचा. एल्दोसच्या उत्तरांआधी नाही. बाकी कुणाच्याही नाही. फक्त तिच्या. जणू तिच्या डोक्यातूनच शब्द उचलतंय कुणीतरी. मार्च संपता संपता बिननावाची ओळ सगळ्यांच्या पुढं गेली होती.

पोरांनी आधी चेष्टा केली. शेवटच्या बाकाला 'आमची हुशार' म्हणायला लागली, एल्दोसनं एकदा तिथं खडू आणि वही ठेवली. मग चेष्टा आपोआप थांबली. शेगडी लाल झालेली असायची तरी त्या बाकाच्या फळीवर गोठलेलं दंव असायचं. बारीक, पांढरं. पुसलं की पुन्हा यायचं. बाकं हळूहळू पुढं सरकली. कुणी ठरवून सरकवली नाहीत.

एप्रिलमध्ये आगायांनी एक अवघड शब्द काढला. "नदी वरून गोठलेली असते, खालून पाणी वाहत असतं. तेव्हा बर्फातून एक आवाज येतो. त्या आवाजाला शब्द आहे. मीसुद्धा तो एकाच माणसाकडून ऐकलाय."

या वेळी बुरुललासुद्धा खरंच येत नव्हता.

मागून उत्तर आलं. छोटा शब्द, घशातून निघणारा. कुणालाच आधी माहीत नव्हता आणि ऐकल्यावर कुणालाच पुन्हा म्हणावासा वाटला नाही.

आगायांच्या हातातली टाचणी खाली पडली. ते उचलायला वाकले नाहीत. "आज पुरे," म्हणाले. तारा मात्र लावून गेले.

*

उरुमकान एजेनं पकडलं ते तेलावरून. ती तेलाच्या बाबतीत कंजूस होती, आणि तिच्या बरणीवर स्वतःची खूण असायची. लग्नाहून आल्यापासून ती चोर शोधत होती. शेवटी एल्दोसचा कान तिच्या हातात आला.

"बक्षीस म्हणून तळले, एजे! आई गं! फेब्रुवारीत! बुरुलनं कणीक मळली!"

उरुमकान पळी घेऊनच वर्गात आली. "कोणत्या दिवशी?"

"मंडळाच्या दिवशी," बुरुल म्हणाली. "गुरुवारी."

"नाव कुणाचं घेतलं?"

एल्दोस कान चोळत मागं सरकला. उरुमकाननं पळी बाकावर ठेवली आणि तीही बाकावर बसली, जड, हाश्श करून.

"गाढवांनो. तेल गेलं ते गेलं. पण गुरुवारी वास सोडायचा आणि नाव घ्यायचं नाही? ज्यांचं नाव घ्यायला घरी माणूस आहे ते घरीच जेवतात. तुमच्या खिडकीशी कोण येणार? ज्याला कुणी हाक मारत नाही तोच." तिनं वर्गावरून नजर फिरवली आणि ती शेवटच्या बाकावर थांबली. दंवाकडं बघत तिनं तळहात तोंडावरून फिरवले. "कोण आहे ते शोधा. नावानं बोलवा. पाहुणा आलाय आणि तुम्ही त्याला विचारलंसुद्धा नाही तू कुणाचा."

*

त्या संध्याकाळी जिपार रजई शिवत होती. बुरुल चहा ओतता ओतता सगळं बोलून मोकळी झाली. बोरसोक, आवाज, तारे. जिपार मान हलवत होती, ओठात सुई. "तुम्ही पोरं ना, एकमेकांना घाबरवून—"

"आणि तो शब्द तर आगायांनापण एकाच माणसाकडून कळलेला," बुरुल म्हणाली, आणि तो शब्द म्हणून दाखवला.

जिपारनं ओठातली सुई काढली. ती कुठं ठेवायची हे तिला सुचेना. "हा तुला कुणी सांगितला?"

"सांगतेय ना, मागून—"

"त्यांचं घर वर होतं. नदीच्या काठी, हिवाळी कुरणात. त्यांच्या घरातला शब्द आहे हा. दुसऱ्या कुणाचा नाही."

"कुणाच्या घरातला?"

जिपारनं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. "सोनुनच्या."

मग तिनं सांगितलं, तुकड्यातुकड्यांत, मध्येच उठून शेगडीत शेणी टाकत. सोनुन तिच्या वर्गात होती. शब्दमंडळात तिच्यासमोर कुणाचं चालायचं नाही. ती रोज वरून घोड्यावर यायची, कायम सर्दी झालेली. त्या वर्षी वसंत आल्यासारखं वाटलं आणि बर्फाचं वादळ फिरून आलं. घोडा एकटाच शाळेत आला. नंतर तिचं बिऱ्हाड उत्तरेकडं निघून गेलं, इथं तिच्या नावानं तेल तापवणारं कुणी उरलं नाही.

"तारे तिचेच जास्त होते. मेपर्यंत कुणाला ते गाठता आले नाहीत, मेलेलीचे असून. पण तेव्हाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, आनंदाच्या दिवशी मेलेल्या पोरीचं नाव नको. तिची ओळ पुसली आणि माझं नाव पुकारलं. मेल्स आगाय तेव्हा नवे होते, तरुण. गप्प बसले."

"आणि तू?"

"मला आनंद झाला," जिपार म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मैत्रीण होती माझी, आणि मला आनंद झाला. मी घंटा घेतली, वाजवली. लोक टाळ्या वाजवायला लागले. आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं, बुरुल. टाळ्या ऐकू येत होत्या. घंटा नाही. मी मनगट दुखेपर्यंत हलवली."

बाहेर बोकड फिरत होता, त्याच्या गळ्यातलं पत्र्याचं टिणटिणत होतं. बुरुलला ऐकू येत होतं. ती आईच्या तोंडाकडं बघत राहिली.

"तेव्हापासून कुठलीच नाही," जिपार म्हणाली. "तुझ्या बाबांना वाटतं मी टाळते."

*

जिपार स्वतः उठली. पुढच्याच गुरुवारी सकाळी तिनं घरी तेल तापवलं, नाव घेतलं, सोनुन बेइशेनोवा, मोठ्यानं, आणि रडली. मग तोंड धुऊन बुरुलला म्हणाली, "जेवली ती. आता जाईल. घंटा तुझी आहे, तू मेहनत केलीयेस. मला तुला बघायचंय तिथं."

बुरुललाही तेच हवं होतं. मनापासून. म्हणून तिनं विश्वास ठेवला.

त्याच दुपारी मंडळात आगायांनी पहिला प्रश्न विचारला आणि उत्तर आलं. पण आता ते शेवटच्या बाकावरून आलं नाही. बुरुलच्या मानेमागून आलं. इतकं जवळून की केस थंड झाले. रागावलेला आवाज नव्हता. वर्गात सगळ्यांचं पुकारून झालं आणि आपलं राहिलं की पोरं कशी थांबतात, तसा तो थांबला होता.

"आगाय," बुरुलनं सगळे गेल्यावर विचारलं, "बिननावाच्या ओळीचं काय करणार?"

मेल्स आगाय फळ्याला पाठ करून उभे होते. "नावाशिवाय घंटा देता येत नाही. नावांमध्ये तू पहिली आहेस. एल्दोसच्या पुढं एक तारा."

"तुम्हाला नाव माहितीये."

"पोरी," ते हळू म्हणाले, "मी एकदा गप्प बसलो ना, तर आता तोंडच उघडत नाही." आणि कोट उचलून निघून गेले.

*

शेवटच्या दिवशी ऊन होतं. अंगणात सगळं गाव. पोरींच्या वेण्यांना पांढऱ्या फितींची फुलं, मुलांच्या छातीवर आडव्या लाल फिती, स्वयंपाकघरातून उरुमकानच्या पुलावाचा वास. जिपार पुढच्या रांगेत, नवा रुमाल बांधून, दोन्ही हात पोटावर घट्ट धरून. मंडळांची बक्षिसं झाली. कुस्तीवाल्यांना पट्टे, शिवणवाल्यांना कात्र्या. वर्गातली बाकं बाहेर मांडली होती, मुलं त्यांवर बसली होती, आणि सगळ्यात मागच्या बाकावर एक जागा मोकळी होती. एवढी गर्दी, पण तिथं कुणी बसलं नाही.

"शब्दमंडळ," मेल्स आगायांनी कागदावरून वाचलं. "बुरुल."

ती पुढं गेली. घंटा तिला वाटलं होतं त्यापेक्षा जड होती. पितळ थंडगार, उन्हात ठेवलेलं असून. आई हसत होती. एका क्षणासाठी बुरुलला वाटलं, वाजवून टाकावी. वाजवून टाकावी आणि घरी जावं. कोण विचारतंय?

तिनं हात वर केला आणि घंटा हलवली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एल्दोसनं शीळ घातली. पुढचं लहान पोर कानावर हात ठेवून हसलं. आणि बुरुलला काहीच ऐकू आलं नाही. आतला लोलक पितळेवर आपटताना दिसत होता, हाताला धक्का जाणवत होता. बाकी काही नाही. टाळ्या, शीळ, पुलावावर ओरडणारी उरुमकान, सगळं होतं. मधोमध एक भोक होतं.

तिनं आईकडं बघितलं. जिपारचं हसू उतरलं होतं. तिला कळलं. लेकीचं तोंड तिनं ओळखलं, कारण फोटोत तिचंही तेच होतं.

बुरुलनं घंटा खाली घेतली, पोटाशी धरली.

"ही माझी नाही," ती म्हणाली. आवाज फाटला. पुन्हा म्हणाली, मोठ्यानं. "आगाय, ही माझी नाही. माझ्या आईचीपण नव्हती. नीट पुकारा. हजेरी घेता तसं."

टाळ्या विरल्या. म्हातारी माणसं एकमेकांकडं बघायला लागली, त्यांच्यातल्या काहींना आठवलं असावं. मेल्स आगायांनी हातातल्या कागदाकडं बघितलं. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. त्या नावाला कागद लागत नव्हता.

"बेइशेनोवा," ते म्हणाले. "सोनुन."

"हजर," मागून उत्तर आलं.

बसका आवाज, सर्दी झालेला. प्रत्येकाला वाटलं शेजारचं कुणीतरी बोललं.

बुरुल बाकांमधून चालत मागं गेली. त्या मोकळ्या जागेवर फळीला दंव धरलं होतं, भर मेच्या उन्हात. तिनं घंटा तिथं ठेवली आणि दोन पावलं मागं सरकली. दोन्ही हात रिकामे. ते तिनं कोटाच्या खिशात घातले, जणू कुणी परत देऊ नये म्हणून.

आणि मग तिला ऐकू आली. स्वच्छ, खणखणीत, बाकांच्या मागून निघून अंगणाच्या कडेकडेनं जाणारी, कुणीतरी सावकाश फेरी मारावी तशी. शाळेच्या भिंतीपाशी, फाटकापाशी, उरुमकानच्या कढईपाशी. लोकांच्या माना आवाजाबरोबर फिरत होत्या आणि नंतर प्रत्येकजण शपथेवर सांगायचा की बुरुलच फिरत होती, किती छान वाजवली पोरीनं.

बुरुलनं फेरीकडं बघितलंच नाही. ती आईकडं बघत होती. आवाज पुढच्या रांगेपाशी पोचला तशी जिपारनं मान वळवली, झटक्यात, जशी आपलं नाव ऐकल्यावर माणूस वळवतं. तिचा हात आपोआप कानाकडं गेला. ती आवाजाच्या मागोमाग वळत राहिली, फाटकापर्यंत, मग रस्त्यापलीकडं, टेकडीकडं, तो पार बारीक होईपर्यंत.

घंटा बाकावर होती. दंव वितळून फळी ओली झाली होती.

*

संध्याकाळी दोघी घरी आल्या. फोटो जिपारनं भिंतीवरून काढला, पुसला, आणि थोडा विचार करून परत लावला. मग ती शिवायला बसली आणि दोन टाके घालून ओरडली, "अगं त्या मेल्या बोकडाच्या गळ्यातलं काढ की कुणीतरी! डोकं उठलं! हे रोज असंच वाजतं?"

"रोज," बुरुल म्हणाली.

"आणि तुम्ही सहन करता?"

फोन वाजला. जिपारनं तो पहिल्याच रिंगला उचलला. पलीकडून बापाचा घाबरलेला आवाज, "कोण बोलतंय? माझी बायको कुठाय?"

जिपार हसायला लागली, हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं, आणि तिनं फोन बुरुलच्या हातात दिला.

पुढच्या गुरुवारी त्यांनी कढई ठेवली. खिडकी उघडली. जिपारनं आपल्या आईबापांची नावं घेतली, सासऱ्याचं घेतलं, मग सोनुनचं घेतलं. तळहात तोंडावरून फिरवून पहिला बोरसोक उचलला, आणि थांबली.

"काय झालं?" बुरुलनं विचारलं.

"त्या दिवशी खिडकी किती वेळ उघडी होती तुमची?"

"धूर जाईपर्यंत. बराच वेळ."

जिपार टेकडीकडं बघत होती. तिथं कबरी पुष्कळ होत्या, आणि नावं पुसलेल्याही पुष्कळ.

"मंडळ सप्टेंबरात परत सुरू होईल ना?" ती म्हणाली. "आगायांना सांग, खालची ओळ रिकामीच ठेवा."